केळी कमी पडली

२९ सप्टेंबर, सोमवार

बोर्डे साहेबांची पांढरी गाडी आज सरळ झाली. सिग्नलला उभी केली की बंद पडायची. इंजिनात हवा सोडणारं थ्रोटल खोललं तर आत काजळी, तव्याच्या बुडासारखी. जुन्या ब्रशनं घासघासून काढली, स्प्रे मारला, परत बसवलं. चालू करून इंजिनवर पाण्याचा गिलास ठेवला. पाणी हललं नाय. आमचा मिस्त्री शकीलभाई म्हणाला, "क्या बात है किनवट, हाथ बैठ गया तेरा."

इथं मला मारोती कोणी म्हणत नाय. किनवटहून आलो म्हणून किनवट. एवढ्या लांब पळून आलो तर गावच चिकटलं. एकटी आक्का नावानं हाक मारते. आक्का म्हणजे शेठची आई. घर वर माडीवर, गॅरेज खाली.

शे. म्हणाले (पूर्ण शेठ लिहायला हात दुखतो, शे. बस), "बोर्डे साहेबांच्या सगळ्या गाड्या आपल्याकडं आल्या की गाडी उचलायची दुसरी लिफ्ट तुझी. दिवाळीपासून तू मिस्त्री." साहेबांच्या गाड्या वाळूजच्या कंपन्यांत लागलेल्या. पांढरी घरची. म्हणजे ही परीक्षा, बाकीच्या मागून.

मायला फोन करून सांगून टाकलं. घाई झाली बहुतेक.

१ ऑक्टोबर. खंडे नवमी

गॅरेज धुतलं. पाने, जॅक, स्कॅनर पाटावर मांडले. कंप्रेसरला झेंडूची माळ. पांढरी इथंच आहे, साहेब म्हणाले दसरा झाल्यावर नेतो. सगळ्या गाड्यांचे बोनेट उघडे ठेवले.

पूजा आक्का करते, दरसाल. तिच्या मालकानं ट्रॅक्टर दुरुस्त करता करता हे गॅरेज उभं केलं, तेव्हापासून. इंजिनला हळदकुंकू, अक्षता, आणि प्रत्येक गाडीपुढं केळं ठेवून त्यात उदबत्ती खोचायची. केळी कमी पडली. शे.नं अर्धा डझनच आणायला लावली होती, म्हणे देव काय मोजत बसतो का. त्यातली दोन शे.च्या पोरांनी खाल्ली. मग आक्कानं उरलेल्या उदबत्त्या जागा दिसंल तिथं खोचल्या.

शे. सगळ्यांदेखत ओरडले. "आक्का, आटप की. धूर किती करते. पुढच्या साली तुला फुलंब्रीला धाकट्याकडंच सोडून येतो." आक्का हसली. हसण्यासारखं काय नव्हतं त्यात.

मला पेढा दोनदा दिला. "मारोती, तुझ्या हाताला गुण आहे रे."

२ ऑक्टोबर. दसरा

सोनं घेऊन कोणाच्या दारात जायचं. शकीलभाईकडं गेलो. आपट्याचं पान हातात धरून म्हणाला, "इसका क्या करूँ बे?" म्हणलं पाकिटात ठेवा. ठेवलं. जेवायला बसवलं.

३ ऑक्टोबर

साहेब गाडी घेऊन गेले. चालू करून कान दिला, मान हलवली. शे.च्या खांद्यावर हात टाकला. माझ्याकडं बघितलं नाय, पण चालतं. गाडी बोलली माझ्यातर्फे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आली परत.

थंडी असली की बरी. तापली की रेस आपोआप खाली जाते, आता बंद पडते की काय असं वाटेपर्यंत, मग एकदम वर. परत खाली. दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी. शे.नं साहेबांपुढंच विचारलं, "हात कोणी लावला होता?" विचारायचं काय त्यात. माहीत होतं की.

प्लग काढून बघितले, चांगले. कॉइल बदलून बघितली, फरक नाय. थ्रोटल परत खोललं, आरशासारखं. स्कॅनर म्हणतो हवा जास्त, पेट्रोल कमी. ही जास्तीची हवा येते कुठून ते स्कॅनर सांगत नाय. ते सांगितलं असतं तर शे.नं मला ठेवलंच कशाला असतं.

८ ऑक्टोबर

दिवसभर तेच. कुठून तरी इंजिन चोरून हवा ओढतंय. ओढायला फट पाहिजे, फट सापडत नाय. पाइप वरून चांगले दिसतात, हात फिरवला तरी काय लागत नाय.

संध्याकाळी शे. पेचकस घेऊन आले. "किती खेळतो रे तिच्याशी? रेस वाढव आणि दे."

"शेठ, रेस वाढवून दुखणं दबंल. जायचं नाय."

"दबलं तर दबू दे. गाडी दारातून गेली पाहिजे."

स्वतः रेसचा स्क्रू फिरवला. इंजिन गरजायला लागलं. बंद पडत नाय ना, झालं. सगळेच करतात हे. तापात माणसाला जागं ठेवायला गालावर चापट्या मारत राहायचं, अन् म्हणायचं उतरला ताप.

१० ऑक्टोबर

व्हायचं ते झालं. भर दुपारी नगर नाक्यावर पांढरी बंद पडली. एसी लावलेला, इंजिन तापलेलं, आत साहेबांच्या बाई, मागं कंटेनर हॉर्न मारतोय. साहेबांचा फोन आला तेव्हा शे.नं स्पीकर लावला, मला ऐकू यावं म्हणून. "नंदू शेठ, माझ्या घरची बाई रस्त्यात उभी राहिली. तुमच्याकडं माणसं आहेत का हजाम?"

ओढून आणली. शे.नं माझ्या हातातला पाना काढून घेतला. म्हणाले, "जा, धुलाईला लाग." स्क्रू कोणी फिरवला ते कोणी बोललं नाय. मी पण नाय.

आज तीन वर्षांनी पाण्याचा पाइप धरून उभा राहिलो. आलो तेव्हा इथूनच सुरुवात केली होती.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुपारनंतर गॅरेज बंद. शे. सासुरवाडीला. पांढरी कोपऱ्यात उभी. राहवलं नाय. शकीलभाईला म्हणलं चावी द्या. म्हणाला, "मैं कुछ नई देखा," आणि चावी खुंटीला लावून निघून गेला.

इंजिन चांगलं तापू दिलं. मग स्प्रेची बारीक नळी घेऊन एकेका जोडावर थोडं थोडं फवारलं. जिथं फट असंल तिथून स्प्रे आत जातो आणि रेस बदलते. पुढं काय नाय. बाजूला काय नाय. इंजिनच्या मागच्या अंगाला, मागच्या पत्र्याकडच्या बारीक रबरी पाइपाखाली नळी नेली, आणि इंजिन सरळ झालं. एकदम. जसं कोणी त्याचं नाव घेतलं.

डोकं पार आत घातलं, तोंडी बॅटरी धरून. वर्षावर्षात कोणाचा हात जात नाय अशी जागा. पाइपाच्या खालच्या अंगाला गोल भोक. कडा जळालेल्या. थंड असताना मिटतं, रबर तापलं की उघडतं. म्हणून सकाळी शहाणी आणि दुपारी वेडी. आधी नुसता चटका बसला असंल, तीन-चार दिवस तापून-निवून भोक पडलं.

पाइप आणि क्लिप यांच्या मधी काडी अडकलेली. उदबत्तीची. वरून खोचलेली ती जळत जळत पाइपापर्यंत आली. वर, खोचली तिथं, कुंकवाचं बोट.

बसून राहिलो गाडीला टेकून. सापडलं त्याची खुशी पण त्या काडीनं नीट होऊ दिली नाय.

पाइपाचा तुकडा कापून नवा टाकला. स्क्रू होता तिथं आणला. गिलास ठेवला. पाणी हललं नाय. तुकडा आणि काडी खिशात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी शे.ला म्हणलं, गाडी झाली. चालू करून दाखवली. त्यांनी दहा मिनटं कान लावला, दुसरं काय सापडंना म्हणून विचारलं, "काय होतं?"

पाइपाचा तुकडा दिला. काडी दिली नाय. अजून देणार होतो, हात खिशातच होता.

शे.नं भोक उजेडाकडं धरलं. "हे जळालंय."

"व्हय."

"कशानं?"

मी वर बघितलं. जिन्यावर आक्का उभी. हातात पूजेचं तबक, रोजच्यासारखं खाली गॅरेजातल्या देवापुढं दिवा लावायला निघालेली. तुकडा बघत होती. मला वाटलं आता बोलंल. मग मी कशाला बोलू, आईचं नाव लेकापुढं. थांबलो.

तेवढ्यात शे. म्हणाले, "विडी! विडी वढत काम करतो ना बे तू? किती वेळा सांगितलं!"

विडी मी वढतो. बाहेर, नाल्याकडं. ते पण खरं. आणि आक्कानं तबक सावरलं आणि वर निघून गेली.

वळताना तिच्या चपलेचा आवाज झाला नाय. अनवाणीच होती.

१४ ऑक्टोबर

देवापुढं दिवा नाय लागला. आक्का खाली आली नाय.

दुपारी वरून डबा आला, सुनेच्या हातून. बाजरीची भाकर, ठेचा, वर लोण्याचा गोळा. एवढं लोणी याआधी कधी आलं नव्हतं. शकीलभाईनं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मी लोणी त्याच्या डब्यात टाकलं. म्हणाला, "कायकू?" म्हणलं मला पचत नाय.

१५ ऑक्टोबर

शकीलभाईला काडी दाखवली. सांगणार नव्हतो. नळाखाली हात धुताना खिशातून पडली.

त्यानं उचलली, वास घेतला. मग लई वेळ हसला. "बीड़ी वहाँ कैसे जाती बे? तेरा तो हाथ भी मुश्किल से जाता उधर. शेठ को इत्ता नई समझता?"

"समजतं. समजून घ्यायचं नाय त्यांना."

"तो बोल दे ना. बोल, बुढ्ढी ने खोसी."

"मग तिचं काय होईल?"

"फुलंब्री." हात पुसत म्हणाला. "शेठ तो बहाना ढूँढ रा. खाली आना बंद, पूजा बंद, फुलंब्री."

"तेच तर."

"तो नक्को बोल. किनवट, तू बोला तो भी फँसा, नई बोला तो भी फँसा. चाय पी."

त्याला हसायला येतं कारण त्याचा हात कोणी धरत नाय. शहरातला माणूस. उद्या इथून निघाला तर चार गॅरेजवाले बोलावतील. माझ्यामागं काय. मिस्त्री लोकांत नाव गाडीपेक्षा जोरात पळतं. विडीनं पाइप जाळणारा किनवटचा पोरगा. बस, एवढंच पोहोचंल सगळीकडं. गिलासातलं पाणी कोण सांगणार.

आक्काचा राग येतोय. तिच्यावर राग काढायला लाज पण वाटते, म्हणून जास्त येतोय. मारोती मारोती करायची. दोन पेढे. हाताला गुण. एक वाक्य बोलायचं होतं बाई. लेक तुझा, गॅरेज तुझ्या नवऱ्याचं. मी कोण तुझ्यासाठी तोंड शिवून घेणारा?

पण शिवलंय.

१६ ऑक्टोबर

शे.नं केबिनमधी बोलावलं. बसायला सांगितलं, तेव्हाच कळलं काय तरी वाईट आहे.

"हे बघ. बोर्डे साहेब परवा धनतेरसला येणार. पांढरी न्यायला. सगळ्या गाड्या आपल्याकडं देतील, मुहूर्त करायचा म्हणतात. पण त्यांना चूक कोणाची ते तोंडावर ऐकायचंय. तू म्हणायचं, साहेब, माझ्या विडीनं झालं, माफी करा. पाया पडायचं. विषय खलास."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्ट कसली आता? एवढं झाल्यावर तुला लिफ्ट दिली तर साहेब काय म्हणंल? पुढच्या दसऱ्याला बघू. तोवर धुलाई, वरकाम. मी काढत तर नाय ना तुला."

"अन् नाय म्हणलो तर?"

"तर पिशवी भर." मग जरा मऊ आवाजात, "तुला माहीत नसंल, मी पण पाया पडलोय लोकांच्या. धंदा आहे."

मी विचारलं, "शेठ, विडीनं एवढं बारीक भोक पडतं का?" असंच, तोंडातून गेलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पंखा फिरत होता, टेबलावरच्या बिलांची पानं उडत होती. मग म्हणाले, "पडतं."

शकीलभाई म्हणतो तेच खरं दिसतं, विडी नाय हे शे.ला कळतं. का मीच वाकडं बघतोय.

मायचा फोन. "मिस्त्री झाला ना? मी साऱ्या गल्लीला सांगून बसले. दिवाळीला येशील तं पांढरा सदरा घालून ये, ऑइलचा नको." म्हणलं, काम लई आहे, बघू.

१७ ऑक्टोबर. वसुबारस

हैदराबादहून बाळूचा फोन. गावचाच, तिकडं गॅरेजात आहे. "ये इकडं. इथं कोणाला काय माहीत." मी याआधी चाकण सोडलं, त्याआधी सुरत. प्रत्येक वेळी कोणी तरी म्हणलंय, इकडं ये, इथं कोणाला काय माहीत. उभ्या जागी शांत राहणं माझ्या नशिबात नाय. गाडीचं सापडतं कुठून हवा जाते ते. माझी कुठून जाते?

पिशवी भरली. मग उपसली. दोन पाने माझ्या पैशाचे आहेत, ते फडक्यात गुंडाळले.

आज पांढरी तीनदा चालू करून बघितली. उगीच. तिला काय झालेलं नाय आता. ऊन खात पडलेल्या मांजरासारखी गुरगुरते. उद्या ती दारातून जाईल आणि साहेब म्हणतील नंदू शेठचं काम बरं आहे.

समोरून आक्का वासराच्या पूजेला बाहेर निघाली, शेजारच्या गायवाल्याकडं. मला ओलांडून गेली. परत येताना थांबली. मला वाटलं आता. ओठ हलले. "जेवला का?" एवढंच. मी म्हणलो, "व्हय." खोटं बोललो. तिला कळलं असंल. तिला सगळंच कळतं, हाच तर राग आहे.

१८ ऑक्टोबर. धनतेरस. सकाळ

झाडून घेतलं, पाणी मारलं. साहेब दहाला येणार. शे. नवीन शर्ट घालून दोनदा खाली येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "पाठ केलं ना?" मी मान हलवली. कशाला हलवली ते सांगितलं नाय.

शकीलभाईनं माझ्या खिशाकडं बघून भुवया उडवल्या. मी खिशावर हात ठेवला.

मग जिन्यात पावलं वाजली. आज चप्पल होती. आक्का खाली गॅरेजात आली, पाच दिवसांनी. डोक्यावरून पदर, एका हातात तबक, दुसऱ्या हातात पिशवी. आधी देवापुढं दिवा लावला. मग पिशवीतून केळी काढली. पूर्ण डझन. स्वतः बाजारात गेली असणार, गुडघे धरून. एकेका गाडीपुढं एकेक ठेवलं, फरशीवर, इंजिनपासून लांब. प्रत्येकात उदबत्ती खोचली. काडी दोनदा मोडली.

शे. वरच्या गॅलरीतून बघत होते. "आक्का, एवढी केळी कशाला?" तिनं वर बघितलं नाय.

पांढऱ्या गाडीपाशी आली तेव्हा मी तिथंच उभा होतो, फडकं घेऊन. बोनेट उघडं. ती आत डोकावली, बरोबर त्या मागच्या कोपऱ्याकडं. मग माझ्याकडं. डोळे लाल होते, धुरानं म्हणावं तर धूर अजून झालाच नव्हता.

"मारोती," ती म्हणाली. हळू, पण गॅलरीपर्यंत जाईल एवढं. "आता पुरतील ना रे?"

मी म्हणलो, "पुरतील."

दुसरं काय म्हणणार होतो. ती तिथंच उभी आहे अजून, तबक धरून, पांढऱ्या गाडीपाशी. वर जात नाय. शे.नं दोनदा हाक मारली, तरी जात नाय, साहेबांचीच वाट बघत असल्यासारखी. मी टायरवर बसून हे लिहितोय. पिशवी परत भरून मागं ठेवलीय, काडी खिशात.

साहेबांची दुसरी गाडी कोपऱ्यावर वळताना दिसते.